चंद्रताल: जाणं सोपं, उतरणं अवघड

चंद्रतालला जाऊन आले म्हटलं की पहिला प्रश्न गाडीचा येतो. फोर बाय फोर लागते का, आमची हॅचबॅक जाईल का, बुड घासतं का. याचं उत्तर एका दमात देता येतं. सप्टेंबरच्या कोरड्या दिवसांत, सकाळच्या वेळी, बुड जरा उंच असलेली कुठलीही धडधाकट गाडी तिथे पोचते. तिकडचे टॅक्सीवाले हंगामभर साध्या गाड्या नेतात-आणतात. रस्ता कच्चा आहे, दगडगोट्यांचा आहे, मध्ये नाले आडवे येतात. पण भर पावसात ताम्हिणी किंवा आंबोली चालवलेल्या हाताला तो झेपतो.

मी लिहायला बसले ते वेगळ्या कारणाने. बरोबरचा माणूस रात्री आजारी पडला, पाऊस लागला किंवा गाडी बसली, तर तिथून खाली यायचं कुठून? चंद्रतालला निघण्याआधी हा एक प्रश्न सोडवलेला असायला हवा. आमच्या ओळखीपाळखीतले एवढे लोक जाऊन आले, पण हा प्रश्न मला अजून कुणी विचारलेला नाही.

आधी भूगोल समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हिमाचलच्या लाहौल-स्पिती जिल्ह्यात सुमारे 4,250 मीटर उंचीवर हे तळं आहे. आपल्या महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई, ते 1,646 मीटर. म्हणजे तळ्याकाठी आपण कळसूबाईच्या अडीचपट उंचीवर उभे असतो. तिथे पोचायला गाडीच्या वाटा दोन. एक मनालीकडून: अटल बोगदा, कोकसर, ग्राम्फू, छत्रू, छोटा दर्रा आणि बातल. दुसरी स्पितीकडून: काझा, लोसार, कुंझुम खिंड आणि बातलच्या अलीकडचा फाटा. बातलपासून तळ्याची वाट सुमारे 14 किलोमीटर, एका गाडीपुरती, आणि तळ्यापाशी संपणारी. गाडीने पुढे कुठेही जाता येत नाही.

आता उतरायचं ठरवून बघा. काझाकडे जायचं तर आधी कुंझुम चढावी लागते, आणि ती तळ्याहून उंच, 4,551 मीटर. विरळ हवेने आजारी पडलेल्या माणसाला आणखी वर न्यायचं, मग कुठे खाली. मनालीकडे जायचं तर बातल लागतं, पण तेही 3,960 मीटरवर, म्हणजे तासभर हाडं खिळखिळी करून जेमतेम तीनशे मीटर उतरणं झालं. खरा उतार मिळतो छत्रूला, 3,360 मीटरवर, आणि बातल ते छत्रू या तीसेक किलोमीटरमध्येच ते सगळे नाले आहेत. इथे दवाखाना नाही, पेट्रोल पंप नाही, मोबाइलला रेंज नाही. दोन बाजूंनी रस्ता असूनही रात्रीच्या वेळी हे ठिकाण बंद खोलीसारखं होतं.

आम्ही दोघं शिमल्याकडून गेलो होतो. नारकंडा, सांगला, नाको, ताबो, काझा असे मुक्काम करत, अंगाला उंचीची सवय लावत. शेवटचा मुक्काम लोसारला, स्पितीच्या त्या टोकाच्या गावात. तिथून पहाटे निघून कुंझुमला पोचलो तेव्हा ऊन नुकतंच खिंडीत उतरत होतं. कुंझुमदेवीच्या देवळाला गाडीनेच प्रदक्षिणा घालायची तिथली रीत आहे. आमच्या पुढच्या ट्रकने घातली, त्याच्यामागून आम्हीही घातली. दहाच्या सुमाराला तळ्याच्या गाडीतळावर होतो. तिथून पुढे किलोमीटरभर पायी.

तळ्याबद्दल मी फार लिहिणार नाही, छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली आहेत. एक मात्र छायाचित्रात येत नाही. काठापाशी पाणी इतकं नितळ आहे की तळाच्या चपट्या दगडांच्या कडा वेगवेगळ्या दिसतात. चार पावलं आत तेच पाणी हिरवं होतं, आणि पलीकडे एकदम गडद निळं. वारा सुटला की ही रंगांची सीमा हलते. केशरी रंगाचं चक्रवाकाचं जोडपं त्या सीमेवरून पोहत गेलं आणि आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

धाकटे दीर आणि जाऊबाई मनालीकडून येणार होते. त्यांना सुटी कमी होती. चंदीगडपर्यंत विमान, तिथून भाड्याची गाडी, रात्री मनाली, आणि दुसऱ्या दिवशी थेट चंद्रताल. आम्ही दुपारी तळ्याअलीकडच्या कॅम्पवर सामान टाकलं आणि ठरल्याप्रमाणे त्यांना भेटायला बातलला उतरलो. बातल म्हणजे गाव नव्हे. पूल, दोन-चार दगडी ढाबे, आणि समोर बडा शिग्री हिमनदीने लोटून आणलेल्या दगडमातीचे ढीग. तिथला चाचा-चाचीचा ढाबा सगळ्या वाटसरूंना ठाऊक आहे. राजमा-चावल खाल्ला, चहा झाला, पुन्हा चहा झाला. मनालीकडून येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला आम्ही त्यांच्या गाडीचा रंग सांगून विचारत होतो. चारच्या पुढे येणाऱ्या गाड्याच थांबल्या. त्याचा अर्थ ढाब्यातल्या बाईंनी सांगितला: नाला चढला आहे.

ते आले तेव्हा उजेड संपत आला होता. भाऊजींची पँट मांडीपर्यंत ओली होती आणि ओठ निळसर पडले होते. मनालीहून नऊला निघाले, बोगदा पटकन पार झाला, म्हणून कोकसरला निवांत नाश्ता केला. छत्रूनंतर वेग दहा-पंधराच्या वर जाईना. चारच्या सुमाराला बातलच्या अलीकडच्या एका नाल्याशी गाड्यांची रांग लागलेली. पुढची गाडी गेली म्हणून तिच्यामागोमाग ह्यांनीही घातली. मधोमध पुढचं चाक एका धोंड्याला भिडून थांबलं आणि दाराच्या फटीतून पाणी आत आलं. भाऊजी खाली उतरले. गुडघ्याच्या वर बर्फाचं पाणी, त्यात वाकून दगड उपसायचे. शेवटी पलीकडच्या ट्रकवाल्याने दोर बांधून ओढून काढलं. सकाळी दोन हजार मीटरवर उठलेल्या माणसाने चार हजार मीटरवर हे श्रम केले होते.

"वहिनी, डोकं फुटतंय. पण चहा घेतला की उतरेल," ते म्हणाले.

डोकं उतरलं नाही. कॅम्पवर पोचलो, त्यांनी जेवण नको म्हणून सांगितलं. रात्री एकच्या सुमाराला जाऊबाईंनी आमच्या तंबूची चेन उघडली. "ताई, ह्यांना तीनदा उलटी झाली. पाणीसुद्धा टिकत नाहीये."

कॅम्प चालवणारा तरुण लाहौलचाच होता. घाईगर्दी न करता त्याने जे केलं ते मी आता सगळ्यांना शिकवत असते. भाऊजींना उभं केलं आणि जमिनीवरच्या दोरीवरून, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत, सरळ चालायला सांगितलं. ते चालले, हळू पण सरळ. मग त्यांना बसवून नाव, गाव, मुलांची नावं विचारली. बोलताना धाप लागते का, छातीत घरघर येते का, ते कान लावून ऐकलं. ऑक्सिमीटरवर त्यांचा आकडा 76 होता, आमचा 87-88. आकड्यापेक्षा चाल आणि श्वास बघायचा, असं तो म्हणाला. तोल गेला असता, बडबड असंबद्ध झाली असती किंवा बसल्या जागी धाप लागली असती तर मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज आल्याची ती खूण, आणि मग काळोख असो की नाला, त्याच क्षणी निघायचं. तसं काही नव्हतं. म्हणून त्याने सिलिंडरचा ऑक्सिजन लावला, उशांना टेकवून अर्धवट बसवलं, गरम पाण्याच्या बाटल्या पायाशी ठेवल्या, आणि पहाटे पहिल्या उजेडात नाल्यांशी असू अशा बेताने निघायचं ठरलं. रात्रभर आम्ही पाळीने जागलो. दर तासाला ती दोरीवरची चाल.

निघताना भाऊजींच्या गाडीचं चाक माझ्या हाती होतं, आमची गाडी पुढे. बातल ओलांडून पुढे गेलो तेव्हा उजाडलं, आणि कालचा तो नाला आला. मी गाडी थांबवून खाली उतरले. पाणी घोट्याएवढं होतं. कडेच्या दगडांवर काचेसारखा पातळ बर्फ धरला होता. कालच्या धोंड्याचं अर्धं अंग पाण्याबाहेर, कोरडं, आणि त्याच्या एका कंगोऱ्यावर पांढऱ्या रंगाचा ओरखडा: ह्याच गाडीच्या बंपरचा. काल ज्या पाण्याने गाडी अडवली होती ते आज दहा सेकंदांत पार झालं. छत्रूला भाऊजींनी स्वतःहून चहा मागितला. कोकसरला अर्धा पराठा खाल्ला. बोगद्यापाशी डोकेदुखी गेली होती. तळं त्यांनी पाहिलंच नाही.

ज्यांना जायचं आहे त्यांनी पहिली गोष्ट ठरवावी ती दिशा. शक्यतो शिमला-किन्नौर-काझा असं फिरून चंद्रताल शेवटी ठेवा आणि मनालीकडे उतरा. वाट लांब आहे, पण रात्रीच्या मुक्कामाची उंची टप्प्याटप्प्याने वाढते. डॉक्टरांचा सर्वमान्य नियम असा की 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात 500 मीटरहून जास्त वाढवू नये. मनाली 2,050 मीटरवर, कॅम्प 4,200 च्या आसपास. एका दिवसात 2,100 मीटरची उडी. 2020 साली अटल बोगदा सुरू झाल्यापासून ही उडी आणखी सोपी झाली आहे, आणि म्हणून आणखी धोक्याची. पूर्वी रोहतांग खिंडीच्या रांगेत अर्धा दिवस जायचा, थकलेली माणसं कोकसर-छत्रूला मुक्काम करायची. आता 9 किलोमीटरचा बोगदा काही मिनिटांत संपतो आणि दुपारपर्यंत बातल गाठण्याची घाई होते.

सुटी थोडी आहे म्हणून मनालीकडूनच जायचं असेल, तर सिस्सू किंवा केलाँगला किमान दोन रात्री काढा, तिथल्या आसपास थोडं चढ-उतार करा, पुढची रात्र छत्रूला. तिथून पहाटे निघून तळं बघा आणि मुक्काम न करता कुंझुमवरून पुढे व्हा. तरीही शरीराला ही वाट जड जातेच. चारच दिवस हाती असतील तर माझा स्पष्ट सल्ला आहे, या खेपेला चंद्रताल सोडा. सिस्सूला राहा, केलाँग बघा, तांदीला चंद्रा आणि भागा यांचा संगम बघा. तिथून पुढे तिला चंद्रभागा म्हणतात. पंढरपूरच्या वाळवंटात उभं राहिलेल्या मराठी माणसाला तो संगम बघताना काय वाटतं ते मी सांगायला नको.

उंचीच्या आजाराबद्दल आपल्याकडे एक मोठा गैरसमज आहे. जो व्यायाम करतो, किल्ले चढतो, त्याला काही होत नाही, असं लोक धरून चालतात. भाऊजी दर रविवारी सिंहगड चढतात. दमसास आणि उंचीची सवय या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तळ्यापाशी हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे साठ टक्केच असतो आणि त्याच्याशी जुळवून घ्यायला रक्ताला, श्वासाला दिवस लागतात. धडधाकट तरुण तर जास्त फसतात, कारण ते डोकेदुखी अंगावर काढतात. डोकं दुखणं, भूक मरणं, मळमळ, झोप न लागणं, अंग गळून जाणं, यातलं काही सुरू झालं की वर जाणं थांबवायचं. लक्षणं वाढत गेली की उतरायचं. उतरणं हाच इलाज. दुकानात मिळणारे ऑक्सिजनचे हलके डबे काही मिनिटं पुरतात. त्यांच्या भरवशावर आजारी माणसाला वर ठेवू नये. अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर घरून निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात, विशेषतः सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी. थंडी घालवायला म्हणून दारू आणि झोप यावी म्हणून झोपेची गोळी, दोन्हींनी तिथे श्वास मंदावतो. आणि लहान मूल डोकं दुखतंय असं सांगू शकत नाही. ते किरकिर करतं, जेवत नाही, खेळत नाही. तिकडे ही लक्षणं हट्ट समजून सोडून देऊ नका. तीन-चार वर्षांच्या मुलांना घेऊन तळ्याजवळच्या कॅम्पवर रात्र काढणारी कुटुंबं पाहिली की माझा जीव वरखाली होतो.

आता नाले. सह्याद्रीतला ओढा पावसावर चालतो: पाऊस आला की फुगतो, थांबला की तासा-दोन तासांत ओसरतो. तिथले नाले उन्हावर चालतात. वरचा बर्फ सकाळी तापायला लागतो, वितळलेलं पाणी रस्त्यापर्यंत यायला काही तास जातात, आणि दुपारी तीन ते संध्याकाळच्या दरम्यान नाला सर्वांत भरलेला असतो. रात्रीच्या थंडीत वितळणं थांबतं, म्हणून पहाटे पाणी सर्वांत कमी. आकाश जितकं निरभ्र तितका दुपारचा नाला मोठा, हे आपल्या सवयीच्या अगदी उलटं आहे आणि त्यामुळेच आपली माणसं फसतात. छान ऊन आहे, आरामात जाऊ म्हणणाऱ्यांची गाडी चारला पाण्यात असते. मनालीकडून येणाऱ्याने छत्रूला राहावं आणि सकाळी अकराच्या आत बातल गाठावं. तळ्याकडून मनालीला उतरणाऱ्याने दिवस उगवताना निघावं. दुपारी नाल्याशी पोचलात आणि पाणी गढूळ, दुधट राखाडी, आवाज करत येताना दिसलं तर थांबा. कान दिला तर पाण्याखालून दगड गडगडत गेल्याचा घुमणारा आवाज येतो. तो आवाज येत असेल तर तळ हलतो आहे. पाच मिनिटांपूर्वी दुसऱ्याची गाडी गेली ती वाट आता तशी राहिलेली नाही.

पाणी जोखायला आत पाय घालू नका. गुडघाभर वेगवान पाणी माणसाला आडवं करतं आणि बर्फाच्या पाण्यात पाय मिनिटभरात बधिर होतात. काठावर उभं राहून स्थानिक गाडी जाऊ द्या, तिचं चाक कुठे बुडतं, कुठे उचलतं ते बघा. पाणी अर्ध्या चाकाच्या वर जात असेल तर साध्या गाडीने जायचं नाही. पुढची गाडी पूर्ण बाहेर पडेपर्यंत आपली गाडी पाण्यात घालायची नाही, कारण ती अडली तर तुम्हीही मध्येच अडकता. पहिला गिअर काठावरच टाकायचा, अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा, क्लचला पाय लावायचा नाही, मध्ये थांबायचं नाही. गोट्यांवर स्टीअरिंग थोडं हाताला खेळू द्यावं, आवळून धरलं की चाक दगडाच्या कडेशी भांडत बसतं. इंजिन पाण्यात बंद पडलं तर लगेच पुन्हा स्टार्टर मारू नका. हवेच्या वाटेने आत पाणी गेलेलं असेल तर त्या एका फिरकीत कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन कायमचं जातं. बाहेर आल्यावर हळू चालवत ब्रेक दोन-चारदा हलके दाबा, म्हणजे ते कोरडे होतात.

बातलच्या पुढच्या 14 किलोमीटरमध्ये पाणी फार नाही, अरुंदपणा आहे. तळ्याकडे जाताना चंद्रा नदीची दरी डाव्या हाताला असते, आणि आपण डावीकडून चालतो. म्हणजे समोरून गाडी आली की दरीच्या कडेला तुम्ही. दूरवर धूळ उठताना दिसली की पहिल्या रुंद जागी थांबून घ्या, नाक भिडेपर्यंत जाऊ नका. चढणाऱ्या गाडीचा हक्क पहिला, हा आपल्या घाटांतला नियम तिथेही पाळतात; पण तुमच्या मागे रुंद जागा जवळ असेल तर हक्क सोडून मागे घेतलेलं बरं. मागे घेताना बरोबरच्या माणसाला खाली उतरवून दरीची कड सांगायला लावा. आरशात ती कड दिसत नाही.

गाडीबद्दल थोडकंच. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन त्या उंचीवर आपल्या ताकदीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त गमावतं, म्हणून पाच माणसं आणि टपावर सामान असा भार टाळा. चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली की थोड्याच वेळात जळका वास येतो. थांबा, हँडब्रेक लावा, क्लच निवू द्या. टायरची एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. बाहेरच्या हवेचा दाब कमी झाल्यामुळे पुण्यात भरलेली 33 पौंड हवा तिथे गेजवर तीन-चार पौंड जास्त दिसू शकते, आणि तसं टणक टायर धारदार दगडांवर उसळतं आणि फाटतं. सकाळी थंड टायर तपासून हवा बेताची करावी, आणि छोटा पंप जवळ ठेवावा, म्हणजे पुढे डांबरीवर पुन्हा भरता येते. स्टेपनी नुसती आहे यावर समाधान मानू नका, ती काढून, जॅक लावून घरी एकदा बदलून बघा. पेट्रोल मनालीला किंवा काझाला टाकी पूर्ण भरून घ्यायचं. या दोन्हींमधल्या सुमारे 200 किलोमीटरच्या वाटेवर पंप नाही, आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये दिवसभर चालवलं की मायलेज निम्म्यावर येतं.

मोसमाचंही बघायला हवं. तळ्याची वाट साधारण जूनमध्ये उघडते, ऑक्टोबरमध्ये बर्फ पडू लागला की बंद होते. जुलै-ऑगस्टला माझा विरोध आहे. जुलै 2023 मध्ये पाऊस आणि अवेळी बर्फ एकदम आला आणि चंद्रतालच्या कॅम्पवर सुमारे 300 पर्यटक अडकले. रस्त्यावरचा बर्फ आणि दरडी उपसून त्यांना बाहेर काढायला काही दिवस गेले. सप्टेंबर 2018 मध्येही शेवटच्या आठवड्याच्या सुमाराला अचानक बर्फ पडून लाहौल-स्पितीत शेकडो लोक ठिकठिकाणी अडकले होते. त्यामुळे सप्टेंबरमध्ये जातानाही दोन दिवस मोकळे ठेवा, परतीचं विमान त्याच दिवसाचं काढू नका. अडकलो तर थांबून राहता येईल इतपत मोकळीक वेळापत्रकात असली की चुकीचे निर्णय होत नाहीत. गाडीत एका रात्रीपुरतं पाणी, सुकं खाणं, प्रत्येकाला एक जाड पांघरूण असलं पाहिजे, आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड डिकीत तळाशी न ठेवता हाताशी. भाऊजींचे कोरडे कपडे सगळ्या बॅगांच्या खाली होते.

तळ्यापाशी एक विनंती. 2005 पासून ही रामसर यादीतली संरक्षित पाणथळ जागा आहे, अवघी 49 हेक्टर. म्हणूनच कॅम्प काठापासून काही किलोमीटर अलीकडे हलवले आहेत आणि गाडीतळही दूर आहे. तिथे गवत वर्षातले जेमतेम तीन-चार महिने वाढतं. त्यावरून एकदा गाडी गेली की चाकोरी वर्षानुवर्षं तशीच राहते. छायाचित्रासाठी गाडी गवतावर उतरवलेली दिसली की मी जाऊन बोलते, भांडण झालं तरी. तळ्यात उतरू नये, चिप्सचं पाकीट, प्लास्टिकची बाटली, सगळं मनालीपर्यंत परत आणावं. कचरा उचलायला तिथे मागे कुणी राहत नाही. हिवाळ्यात तर सगळी माणसं खाली जातात.

आणि निघण्याआधी कोकसरला किंवा लोसारला, रेंज आहे तोवर, दोन फोन करा. एक कॅम्पवाल्याला त्याच्या खालच्या गावातल्या नंबरवर: आज रस्ता चालू आहे का, काल संध्याकाळी शेवटची गाडी किती वाजता आली, ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का, आणि रात्री कुणी आजारी पडलं तर वाट माहीत असलेला ड्रायव्हर तिथे असतो का. शेवटच्या प्रश्नाला जो चाचरतो त्याच्याकडे राहू नका. दुसरा फोन घरी: आम्ही अमुक वाटेने जातोय, उद्या रात्रीपर्यंत फोन लागणार नाही, परवा दुपारपर्यंत काही कळलं नाही तर केलाँगच्या जिल्हा प्रशासनाला कळवा. त्यांचा नंबर आधीच शोधून घरच्यांना कागदावर लिहून द्या. गाडीचा नंबर आणि माणसांची नावंही त्याच कागदावर असू द्या.